कोण पाहिजे?

लिस्बन मी सव्वीस वर्षं विकतोय.
पाच रात्री, नाश्ता धरून,
शाकाहारी जेवण आधी सांगितल्यास.
टेबलाच्या काचेखाली नकाशा आहे, त्यावर माझ्या चहाचे
तीन गोल डाग: एक नदीत, दोन जुन्या वस्तीत.
मी तिथं गेलेलो नाही.
धनकवडीहून बस, लक्ष्मी रोडला ऑफिस,
संध्याकाळी तेच उलटं.

विमल होले आल्या मार्चमध्ये, पिशवीत मेथी.
टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त, वय एकाहत्तर.
म्हणाल्या, झेंडेवाल्या मुलीमागं पळायचं नाही मला,
तिथली माणसं फिरतात तसं फिरायचंय.
मी विचारलं, गुडघे?
"रोज पर्वती."

मग मी सांगत सुटलो, गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं सगळं,
जणू माझ्या मामाचं गाव:
अठ्ठावीस नंबरच्या ट्रामला रांग दिसली की सरळ चालू लागा.
दम लागला की कॉफी घ्या, उभ्यानं घ्या,
खुर्चीचे वेगळे पडतात.
वाळत घातलेले कपडे जिथं डोक्यावर ठिबकतात
ती गल्ली बरोबर.
आणि भाषेचं म्हणाल, तर चावी, साबण, पाव, बटाटा,
तेवढी तुम्ही इथूनच घेऊन चाललात.
"म्हणजे पगारसुद्धा?"
पगारसुद्धा.
खूप हसल्या. जाताना मेथी विसरल्या.

मे महिन्यात परत आल्या. मला वाटलं, तक्रार.
तिसऱ्या दिवशी हरवल्या होत्या म्हणे,
पायऱ्यापायऱ्यांच्या बोळात,
आणि वरून पायाशी पडला लाकडी चिमटा.
गॅलरीत बाई, हातात अर्धी पिळलेली चादर.
काहीतरी बोलली.
काय बोलली?
"मला काय कळतंय, पिंगळे? पण सूर ओळखीचा.
म्हणाली असणार, कोण पाहिजे?"
दोरीनं तिनं टोपली सोडली. चिमटा वर गेला.
टोपली परत खाली आली, तिच्यात एक लिंबू.
"एवढंच. किल्ला राहिला."

जरा वेळ पंख्याकडे बघत बसल्या.
"सदतीस वर्षं मी लोकांना नंबर जोडून दिले,
कुठला आवाज कुठल्या घरातला
बघितलं नाही कधी."
मग पर्सची चेन ओढता ओढता,
"तुमच्या या ऑफिसच्या मागं काय आहे हो?"
पार्किंग, मी म्हणालो.
"आणि त्याच्या मागं?"

गुरुवारी वीज गेली. गुरुवारी जातेच.
कॉम्प्युटर झोपला, मी उठलो.
पार्किंगच्या मागं स्कूटरच्या सीटा शिवणारा,
त्याच्या मागं एक बोळ, माझ्या खांद्यांएवढा,
बोळात नळ, नळाला फडकं बांधलेलं.
रस्ता विचारला तर प्रत्येकानं एकेक मारुती सांगितला,
डुल्या, पत्र्या, जिलब्या,
आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या दिशेला.
मी रांग सोडलेल्या माणसासारखा
सरळ चालू लागलो.

तांबट आळी आधी कानाला लागते.
ठोक्यावर ठोका, तांब्याचा लाल पत्रा हळूहळू
पोट धरतो, हंडा होतो.
त्या एवढ्या आवाजात उंबऱ्याशी एक पोर
पालथं झोपलेलं, तोंड उघडं.
मी मात्र प्रत्येक ठोक्याला दचकत होतो,
परदेशी.

पुढच्या वळणावर डोक्यात थेंब पडला.
वर दोरीवर परकर, टॉवेल, शाळेचा एक सदरा.
खाली बादली घेऊन बाई, साबणानं पांढरे हात.
तिनं मला नीट पाहिलं, ऑफिसचा शर्ट, गळ्यातलं कार्ड,
आणि विचारलं,
कोण पाहिजे?

कुठलंतरी नाव सांगावं, असं फार वाटलं.
कोणी नाही, म्हणालो, असंच.
"असं होय," ती म्हणाली,
आणि पायानं बादली
जराशी बाजूला सरकवली.