चाचणीचं बोट

सुवा गावात, तळ्याकाठच्या आमच्या कारखान्यात
एक बोट आहे. लोखंडी.
दिवसाला लाखभर वेळा ते एकच कळ दाबतं.
पन्नास लाखांनंतरही कळ वर आली
तर तो कीबोर्ड बाजारात जातो.
नाही आली, तर मला जिना चढून सांगावं लागतं.
सत्तावीस वर्षं मी सांगत आले:
आली. आली. आली.
दोनदा फक्त, नाही आली.

बोट बनवलं मोमोसेंनी,
आईच्या रेशीमगिरणीतून भंगारात निघालेल्या
रहाटाच्या दांडीपासून.
इथे आधी कोश उकळायचे. मग घड्याळं. मग आम्ही.

हिराबायाशी कॉम्प्युटर बुडतेय
हे आम्हाला पेपरात वाचून कळलं.
कँटीनच्या सूपमधला तोफू
त्याच्या वर्षभर आधी लहान झाला होता,
तेव्हाच कळायला हवं होतं.

मग पाहायला येणारे आले.
पहिले टेक्सासचे, पांढऱ्या बुटांचे,
दाराशी बूट काढताना भिंतीला धरणारे.
शेअरला चारशे बारा येन.
चार दिवसांनी शेन्झेनचे, चहाच्या डब्यांसकट.
चारशे तीस.
पुन्हा पहिले. चारशे एकेचाळीस.
बोली चढत राहिली,
आणि आमची बोली दोघांनाही येत नव्हती.
टोकियोहून आणलेली दुभाषी मुलगी
आमच्या 'झुकू' शब्दापाशी अडली.
किरकोळ काम कंटाळा न करता
शेवटापर्यंत नेण्याची अंगातली ताकद,
असं काहीतरी ती जुळवेपर्यंत
पाहुणे पुढच्या खोलीत गेले होते.

माझ्याकडे तीनशे शेअर. दिवाळखोरीच्या अफवेत
रद्दीच्या भावाने पडून असलेले.
चारशे पंचावन्न झाले त्या रात्री
मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या गुणाकार केला.
लाज वाटली.
पुन्हा एकदा केला.

माझ्या खोलीत टेक्सासचा हिशेबनीस आला, होलब्रूक नावाचा,
कोवळा, सर्दी झालेला.
ही खोली वर्षाला किती कमावते, त्याने विचारलं.
मी म्हटलं, ही खोली गमावत नाही.
त्याने काय लिहून घेतलं कुणास ठाऊक.

शेन्झेनकडून एक बाई आली, शिए.
ती काही विचारेना.
बोटाजवळ उकिडवी बसली, कान लावला,
बराच वेळ.
मग मोडक्या जपानीत म्हणाली,
तुमचं बेअरिंग कोरडं पडलंय.
त्या दिवसापासून
मी मनातून त्यांच्या बाजूची झाले.

ते जिंकलेही. चारशे अडुसष्ट.
कागदांवर सह्या करायला आलेल्यांत शिए नव्हती.
मी विचारलं. दुभाषी मुलगी म्हणाली,
त्या विभागाची फेररचना झाली.

त्यांना आमचं नाव हवं होतं.
नाव न्यायला ट्रक लागत नाही.
पेटंटं चार खोक्यांत गेली.
बाकी सगळ्यावर पिवळे स्टिकर लागले,
बोटावरही: मालमत्ता क्रमांक ३०१६, विल्हेवाट.

शेवटच्या संध्याकाळी मोमोसे आले.
वय एक्क्याऐंशी, काठी, खिशात तेलाची कुपी.
वीज दुपारीच तोडली होती.
आकड्याच्या चाकांवर थांबलं होतं
अठ्ठेचाळीस लाख बारा हजार सत्याहत्तर.
तेल घालून ते खुर्चीत बसले,
म्हणाले, राहिलेले हाताने दाबू.

मी हसले. ते नाही हसले.

खिडकीबाहेर तळं होतं, यंदाही न गोठलेलं.
आळीपाळीने दाबत होतो,
ते उजव्या हाताने, मी कधी या कधी त्या,
मोजताना चुकलो की
मागच्या शंभरावरून पुन्हा.
पहारेकरी किल्ल्या वाजवत आला
तेव्हा तीन हजार नऊशे झाले होते.
माझी तर्जनी बधिर झाली होती.

कळ वर येत होती.
वहीत मी तारीख घातली, तेवढं लिहिलं,
आणि सवयीने
जिन्याच्या चार पायऱ्या चढून गेले.