निवडणी

बावीस वर्षं बेदाणा निवडला मी,
सावळजच्या शेडात, पट्ट्याच्या डाव्या अंगाला.
काडी, खडा, काळा, फुटका.
हाताला आधी कळतं, डोळ्याला मागनं.
चांगला दाणा पंधरा किलोच्या पेटीत,
बाकीचा खालच्या पाटीत.
पाटीला कुणी काही विचारत नाही.

आता मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर,
माझी निवडणी.

पोरगी पुण्याची, शर्वरी नाव, आवाज मऊ.
"नवीन औषध आहे ताई, अजून बाजारात नाही.
सगळ्यांना देता येत नाही. निकष असतात."
असणारच.
जाळी आमच्यातही असते.

एकवीस पानांचा कागद.
तिनं वाचला, मी ऐकला.
‘मधेच सोडावंसं वाटलं तर सोडता येईल,
कारण सांगायची गरज नाही.’
हे मी परत वाचायला लावलं.
लग्नापासून आजवर कुठल्या कागदानं
मला असं म्हटलं नव्हतं.

वय अठरा ते सत्तर. "बसलो," म्हटलं.
"बसले म्हणा," ती हसली.
आमच्या भागात बाया ‘बसलो’च म्हणतात, ‘गेलो’, ‘आलो’.
तिच्या फॉर्मवर ‘स्त्री’पुढं टिक होती,
तेवढी पुरे.

हर-टू पॉझिटिव्ह. बसलो.
पाळी बंद? धाकटीच्या लग्नाच्या साली.
गाठ दुसरीकडं पोचली का?
यकृतात, दोन जागी. बसलो.
वाईट बातमीचा असा उपयोग
पहिल्यांदाच बघितला.

रक्त नऊ पाहिजे होतं, नऊ पूर्णांक दोन भरलं.
तीन आठवडे काळा बेदाणा भिजवून खाल्लेला,
पाटीतला.
ते शर्वरीला सांगितलं नाही.

मग इको.
अंधारी खोली, छातीवर गार जेल,
पडद्यावर माझं काळीज उघडझाप करतंय,
दूध ओढणाऱ्या करडाच्या तोंडागत.
पन्नास पाहिजे होतं.
सत्तेचाळीस आलं.

"पहिल्या वेळचं लाल औषध," शर्वरी म्हणाली,
"त्यानं कधी कधी हृदय थकतं."

ते लाल सलाईन. चार वेळा.
लघवीसुद्धा लाल व्हायची, मी घाबरायचो.
त्यानंच ही पाच वर्षं दिली,
नातवाचं बारसं, गच्चीवरची खोली.
आता त्याच्याशी भांडायचं कसं?

"तीनच कमी आहेत की गं. तुझ्याजवळ नाहीत का तीन?"
पेन तिच्या हातात होतं.
बराच वेळ होतं.
"लिहीन हो," ती म्हणाली, "पण औषध ऐकणार नाही माझं.
ते तुमच्या काळजावर बसेल."
डोळे तिचेच भरले. मीच पाण्याची बाटली दिली.
मुकादमाच्या भावजयीचा काळा माल
मीही कधी पेटीत घातला नव्हता.

सतरा नंबरपुढं तिनं लिहिलं: अपात्र.
अक्षर बारीक, सरळ.
जुनं औषध सोमवारपासून, खालची खिडकी.

बाहेर बाकावर जतची मल्लव्वा.
तिचं अठ्ठावन्न आलं होतं.
तिला त्याचं काहीच नव्हतं,
ती भिंतीकडं तोंड करून भाकरी खात होती.
मोडक्या कानडीत तिला ते एकच वाक्य सांगितलं,
सोडावंसं वाटलं तर सोडता येतं म्हणून.
ती म्हणाली, आत्ताच कशाला सोडू?
मग दोघी हसलो.
पिशवीतला बेदाणा तिच्या ओटीत ओतला, पावशेर असेल.
काळाच. रक्त धरतो.

तासगावच्या गाडीत बसल्यावर
जेल अजून चिकटच होतं.
पदर आत घालून पुसलं.
हाताखाली ते चाललेलं,
सत्तेचाळीस तर सत्तेचाळीस.
स्टँडवरनं घरापर्यंत चढ आहे,
मधे मारुतीच्या पारावर एकदा टेकलं
की तेवढ्याला पुरतं.