नोझल

धक्क्याकडे पाठ करून बसलो तरी सांगतो,
ही मोंडकरांची 'जलदेवी', हिचा तिसरा नोझल गळतोय.
चाळीस वर्षं कान डिझेलात भिजवलेत
आणि स्वतःच्या बरगडीतलं इंजिन
किती दिवस मिसफायर मारत होतं,
पत्ता नाही.

पकडलं ते आरोग्य केंद्राच्या विशाखा तारीनं.
आनंदवाडीत, बर्फाच्या फॅक्टरीसमोर टेबल मांडून
प्रेशर तपासत होती.
मशीन सारलं बाजूला, मनगटावर तीन बोटं ठेवली,
घड्याळाकडे अख्खं मिनिट बघत राहिली.
"मिस्त्रीनू, ठेको चुकता तुमचो."
मी हसलो. म्हटलं, वय झालां गो.
ती हसली नाही.

कणकवलीच्या डॉक्टरनं कागदावर हृदय काढलं.
वरचा कप्पा नीट आवळत नाही, नुसता थरथरतो,
कोपऱ्यात रक्त रेंगाळतं.
हे मला लगेच कळलं.
खाडीच्या आडोशाला पाणी थांबतं
तिथंच गाळ धरतो.
गुठळी सुटली की सरळ डोक्यात.

डोक्यात गेल्यावर काय, ते मला कोणी सांगायला नको.
चुलतभाऊ गजा जाळं विणत होता.
सुई पडली. उचलेना.
आता तो सगळ्यालाच 'बरां' म्हणतो.
भूक लागली, बरां.
आई गेली, बरां.

तेव्हापासून रात्री आठची गोळी,
वायसरांच्या डब्यात, वायसरांहून लहान.
महिन्याला रक्त. आकडा दोन ते तीन.
खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्त थांबत नाही;
दोन खडकांमधून होडी काढावी तसा.
द्रौपदी मुळ्याचा पाला वाटीनं मोजते,
आज टोपभर, उद्या काहीच नाही, असं चालत नाही.
गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणायचो ती गोळी बंद.
परवा कालव फोडताना बोट कापलं,
अर्धा तास फडकं दाबून बसलो.

गजाची बायको विचारते, भावोजी, गुण इलो काय गोळयेचो?
काय सांगू?
सोमवारी काही झालं नाही.
मंगळवारी काही झालं नाही.
सहा वर्षं हे असंच चाललंय,
आणि याची पावती कुठं मिळत नाही.

आठ वाजले.
माझी घेतो. गजाची त्याच्या चालत्या हातावर ठेवतो.
"बरां," म्हणतो.
बाहेर 'जलदेवी' बंदरात शिरतेय.
नोझल अजून बदललेला नाही.