टिंब

बाई म्हणाल्या, वार्षिकासाठी क्रिकेटचा अहवाल द्या,
आठ ओळी. फोटो असेल तर सहा.

मी खरं तर भूगोलाचा.
खेळाचे तिडके सर मतदार याद्यांवर गेले
आणि जाताना कपाटाची किल्ली माझ्या डब्याशेजारी ठेवून गेले.
किल्लीबरोबर पंधरा मुलं आली,
पॅडचे चार जोड, त्यातला एक उंदरांनी चाखलेला,
आणि स्कोअरची वही. तिच्यात कुठे काय लिहायचं
ते आठवीतल्या शबानाने शिकवलं, कोकणीच्या बहिणीने.
'चेंडूपुढे खेळणाऱ्याचं नाव लिहा सर, नवीन आहात.
आणि काहीच झालं नाही, तर टिंब.'

नोव्हेंबरात सातपूरहून साडेसहाला निघायचं.
थंडी अशी की पेखळेच्या बोटांत चेंडू बसेना.
पहिल्या मॅचला एकोणसाठात आटोपलो.
परतताना टेम्पोत कुणी बोललं नाही,
नुसते स्टंप बोलत होते, एकमेकांवर आपटत.

दुसरी देवळालीला. तिकडे रेंजवर तोफा सुरू झाल्या
की बॅट्समन दचकायचे.
आमचा साकिब कोकणी रनअपच्या टोकाला कान देऊन थांबायचा,
धडाम् झालं की निघायचा.
अठरा धावांत पाच.
पंचांनी मला बोलावलं, हे नियमात बसतं का?
मी म्हटलं, तोफा आमच्या नाहीत.

निमसेने मखमलाबादला बहात्तर ठोकल्या.
एक षटकार शेजारच्या द्राक्षबागेत गेला.
मालक चेंडू घेऊन आला, दुसऱ्या हातात मोडलेला घड.
चाळीस रुपये मी दिले. घड सगळ्यांनी वाटून खाल्ला,
आंबट, तोंडं वाकडी करत, हंगामाला अजून अवकाश होता.

गायधनीने सहा कॅच सोडले.
सातवा धरला, आणि चेंडू खिशात घालून पळत सुटला,
मागून घ्यावा लागला.

बेंडकुळेचे आकडे: तीन, शून्य, शून्य, अकरा.
तरी त्याला बसवलं नाही. का, ते सांगता येत नाही.
बाद होऊन आला की हेल्मेट पुढच्याला देण्याआधी
तो ते आतून रुमालाने पुसायचा.

सेमीफायनल गोल्फ क्लबवर.
ते एकशे बारा, आम्ही एकशे अकरा.
बेंडकुळे सदतीस, शेवटच्या चेंडूवर बोल्ड.
मैदान रिकामं झालं तरी क्रीज सोडून निघेना,
बुटाने माती सारखी करत राहिला.

रात्री घरी बेरीज ताडून पाहत होतो.
चौदावी ओव्हर माझी नव्हती.
तेव्हा मी कुंपणाशी पंधरा वडापाव मोजून घेत होतो,
नंतर समोरच्या शाळेच्या पोराने वाचून दाखवलं, मी उतरवलं.
चौथा चेंडू: बेंडकुळे, टिंब.
पाचवा चेंडू: पेखळे.

टिंबाने एंड बदलत नाही.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
मग आठवलं, कढईच्या धुराआडून दिसलेले पंच,
एक पाय उचलून गुडघ्याला हात लावणारे.
मला वाटलं, दुखत असेल. माझाही दुखतो.

सोमवारी बेंडकुळेला प्रयोगशाळेमागे नेऊन वही दाखवली.
त्याने टिंबावर बोट ठेवलं.
'हो, पळालो होतो. पॅडला लागून गेला.'
मग बराच वेळ काहीच नाही. शिपायाने घंटा दिली.
'सर, पुढच्या वर्षी शबानाला बसवा.'

किट मोजून कपाटात ठेवलं. पॅडचे चार जोड,
उंदरांनी आणखी थोडं खाल्लेलं.
अहवाल सात ओळींत झाला. शेवटची ओळ:
उपांत्य फेरीत एक धाव राहिली.

बाईंनी 'राहिली' खोडून लाल शाईत 'कमी पडली' केलं.
प्रेसला देताना
मी ते पुन्हा 'राहिली' केलं.