कळक

रात्री पावणेअकराला शेवटचा पेशंट उतरतो
आणि मशीन माझ्या हाती येतं.
द्वारकेजवळच्या सेंटरचा यतीन जांभई देत म्हणतो,
"आणा मॅडम, तुमचा बिनआजाराचा पेशंट."
थर्माकोलच्या ठोकळ्यात सात नळ्या.
पहिलीत नुसतं पाणी,
पुढे चढत्या मात्रेनं मँगनीज.

धातू मोकळा सुटला तर विष.
म्हणून त्याला रेणूच्या मुठीत धरायचं, सहा बोटांनी,
आणि सातवी जागा पाण्यासाठी उघडी ठेवायची.
पाण्याचा एक रेणू येतो, टेकतो,
उजळतो, उठून दुसऱ्याला जागा देतो.
एवढ्यासाठी चार वर्षं.

अण्णा ऐकून हसले होते, "म्हणजे कल्हईच की."
तांबट आळीत नवसागराच्या धुरात
जन्म काढलेला माणूस.
त्यांच्या लेखी जगात भांडी दोनच:
ताक कळकणारं, न कळकणारं.

मार्चमध्ये त्यांना याच बोगद्यात सरकवलं.
बाहेर आल्यावर म्हणाले,
"आत कोण ठोकतंय? हात बसलेला नाही त्याचा."
क्रिएटिनिन तीन पूर्णांक एक.
डॉक्टरांनी गॅडोलिनियमची सिरिंज
न बोलता ट्रेमध्ये परत ठेवली.
फिल्मवर यकृताच्या कडेला राखाडी काहीतरी,
त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

यतीन पडदा माझ्याकडे वळवतो.
सात वर्तुळं, डावीकडून उजाडत गेलेली,
आणि सातवं सगळ्यांत लख्ख.
"हेच भारी, मॅडम! हेच पाठवा."

सहावीत आणि सातवीत मात्रा एकच.
सातवीत मी सकाळी चिमूटभर जस्त घातलं होतं,
कारण रक्तात जस्त असतंच.
आळीत ते तांब्याशी नांदतं, पितळ होतं;
इथे मुठीत शिरलं
आणि मँगनीजला उंबऱ्याबाहेर काढलं.
सुटा धातू जास्त चमकतो.
यतीनला हे कसं सांगू?
वहीत लिहिते: क्रमांक ४१, बाद.

पुलावर गाडी सावकाश घेते.
खाली गंगेत दिवे हलताहेत,
वरच्या दवाखान्यांचं काय काय वाहून येत असेल यात,
मोजलंय कुणी?

घरी अण्णा जागेच.
"जमलं?"
"कळकलं."
"चमकत होतं?"
"फार."
"मग घास परत. चकाकी बघून भांडं घेऊ नये."

दिवसाला लिटरभरच पाणी त्यांना, मोजून.
त्यातलं एक फुलपात्र
रात्रीसाठी झाकून ठेवलेलं.
ते उचलतात, अर्धं पितात,
आणि आतल्या कल्हईवर बोट फिरवून बघतात,
कुठे उडाली तर नाही.