शिवण

या खोलीत येताना मोबाइल बाहेर ठेवायचा,
लॉकर क्रमांक सतरा.
पेन ड्राइव्ह नाही, स्मार्ट घड्याळ नाही,
दारात मंगळसूत्रसुद्धा दोनदा बघतात.
इथल्या तारा बाहेरच्या जगाला कुठंच भेटत नाहीत.
माहिती आत येते ती एकाच दिशेनं, पाणी भुईत मुरावं तशी.
बाहेर जाते, रोज सकाळी, फक्त मी.

समोर चोवीस पडदे, सहा गुणिले चार,
मिळून एक भिंत. भिंतीवर अख्ख्या राज्याची वीज,
आणि वरच्या कोपऱ्यात एक आकडा
पन्नासच्या अवतीभोवती घुटमळणारा.
सगळे तो आकडा बघतात.
मी बघते खालचं कपाट, रॅक चार,
जिथं एक पेटी चित्राचे चोवीस तुकडे करते
आणि सेकंदाला साठ वेळा जोडून देते,
कापल्याचं कुणाला कळू न देता.

माझी आत्या रावपुऱ्यात ब्लाउज शिवायची.
म्हणायची, वरून शिवण दिसली तर पैसे परत.
इथं दिसते. केसाएवढी,
आणि नेमकी आसोजच्या 'सो'मधून जाते.
नऊ वर्षं मी त्या तुटक्या काना-मात्रेकडे बघतेय.
लिहून दिलं होतं, नाव जरा डावीकडे घ्या.
फाइल गेली.
फाइल अजून जातेय.

त्या रात्री आठवी माळ होती.
बारा वाजून गेले, गरबे मिटले,
मैदानांवरचे हॅलोजन मालवत गेले गावोगाव,
भार उतरू लागला पायरीपायरीनं,
आकडा पन्नासच्या वर डोकावला.
पुरोहित साहेबांनी फोन उचलला, "उकाई, एक मशीन बंध करो,"
तेवढ्यात भिंत गेली.

सगळी. चोवीसच्या चोवीस.
तिच्या काळ्या काचेत आम्हीच दिसलो,
पाच जण, एका चौकटीत, पहिल्यांदाच.
"बेन, आ शुं थयुं?"

टेबलावर छोटे पडदे होते,
पण त्यांत राज्य मावत नाही.

मी रॅक चारपाशी.
पहिला पुरवठा हिरवा, दुसरा हिरवा,
पंखा फिरतोय, पेटी गप्प.
राखीव पेटीनं आपणहून काम उचलायचं असतं,
पापणी लवायच्या आत, असं कागदावर आहे.
पापणी लवली. परत लवली.
मी बटण दाबून धरलं,
नखाखाली सकाळच्या झेंडूचा पिवळा.

मागून साहेबांचा आवाज, चढलेला नाही, उतरलेला नाही:
"कासोर, बसो चाळीस. आसोज, त्रणसो दस..."
काळ्या भिंतीकडे तोंड करून
ते राज्य पाठ म्हणत होते,
एका सेकंदापूर्वीचं, मग चार, मग सात,
म्हणता म्हणता शिळं होत जाणारं.

अकरा सेकंद.
मग डाव्या कडेनं पडदे उजळत आले,
आणि भिंत खरी आहे हे मी ओळखलं
ते आकड्यावरून नाही.
आसोज. मधोमध चिरलेलं.

त्या अकरा सेकंदांत कुठंच काही झालं नव्हतं.
दवाखान्यांत, फरसाणच्या कारखान्यांत,
माझ्या घरी, मुलाच्या उशाशी लावलेल्या
डास पळवायच्या मशीनच्या लाल ठिपक्यात
वीज होती तशीच होती.
आंधळे आम्ही झालो होतो,
तिला पत्ताही नव्हता.

हे अहवालात लिहिलं नाही.
अहवालात: कार्ड क्रमांक तीन, सांधा सैल, बदलले.

सकाळी लॉकर उघडला.
फोनवर नवऱ्याचा एकच निरोप, येताना सेव-उसळ आण.
नाक्यावर गर्दी होती, रात्रभर नाचून पाय दुखणाऱ्यांची;
मी रांगेत उभी राहिले, तिखट जास्त सांगितलं.

सोमवारी ती नाव सरकवायची फाइल मी मागे घेतली.
कारणाचा रकाना होता.
तो तसाच सोडला.