जिभेचा फोटो

सूचना पहिली: जिभेचा फोटो दिवसाच्या उजेडात काढावा.

डंडीच्या डिसेंबरात
उजेड पावणेनऊला येतो
आणि साडेतीनला शटर ओढून निघून जातो.
त्या वेळात मी
इस्पितळाच्या तळघरात चादरी मोजत असते.
म्हणून आज रजा.

सूचना दुसरी: आदल्या दिवसापासून कॉफी नको, हळद नको.
बिनहळदीची आमटी
ताटात आजाऱ्यासारखी बसली.
अच्युतने काही विचारलं नाही,
लिंबू पिळलं आणि जेवला.

हान बाई न्यू माल्डनला असतात,
साडेचारशे मैल खाली.
पाठीमागे लाकडी खण, प्रत्येकावर
गोल आणि रेघांची अक्षरं.
काढ्याच्या पिशव्या टपालाने येतील,
मनगट मात्र टपालाने जात नाही.
नाडी हाताला लागणार नाही
म्हणून प्रश्न जास्त. एकशे चार.

पाणी गार आवडतं की कोमट?
घाम आल्यावर हलकं वाटतं की गळून जाता?
झोपेत पाय पांघरुणाबाहेर असतात का?

इथल्या डॉक्टरने दहा मिनिटांत
रक्त विचारलं, वजन विचारलं,
पुढची तारीख दिली, जुलैची.
पायांचं कुणी काढलं नव्हतं.
मी सावकाश लिहिलं: डावा. फक्त डावा.

बावन्नावा प्रश्न: उसासे. दिवसातून किती?
मी लिहिलं, नाही.
शब्दकोड्यातून मान वर न करता
अच्युत म्हणाला, "चौदा.
मंगळवारी जास्त."

मंगळवार आठवून पाहिला.
कचऱ्याचा डबा, इस्त्री, ताईचा फोन.
'नाही' खोडून चौदा केलं.

अकरा वीसला समोरच्या छपरावरून
ऊन आमच्या ओट्यावर उतरलं,
पातेल्याच्या झाकणाएवढं.
त्यात मी तोंड धरलं, त्याने फोन.

एकतीस वर्षं
जीभ आवर, जीभ आवर म्हणणारा हा माणूस
आज म्हणाला, "अजून बाहेर.
मुळापर्यंत दिसू दे."

मग फोन खाली करून
माझ्याकडे नुसताच बघत राहिला.
"कडेला दातांचे वळ आहेत," म्हणाला,
"केव्हापासून?"

सांगायचं तर जीभ आत घ्यावी लागली असती,
आणि टे नदीकडून ढग येत होता.
तशीच उभी राहिले.
फोटो अजून निघायचा होता.